माउंडवरचा खड्डा आणि दुसऱ्या बेसमागचं तळं

ओहायोकर: कॉलेजच्या बेसबॉल मैदानाची देखभाल या सीझनला आम्हा विद्यार्थ्यांकडे आहे. माउंडवर, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या टेकाडावर, त्याचा पुढचा पाय पडतो तिथे खड्डा होतो. मॅचनंतर भरला तरी दुसऱ्या दिवशी माती खपलीसारखी अख्खी निघते. शिवाय पाऊस थांबल्यावरही दुसऱ्या बेसमागे, गवताच्या कडेला पाणी तुंबतं. माती नवी मागवावी का?

चिकणमाती: खपली निघते म्हणजे कोरड्यावर कोरडी माती बसवताय. टणक तळ लागेपर्यंत सुटी माती झाडून काढा, तळ खरवडा, पाणी शिंपडा आणि वरची चकाकी जाईपर्यंत थांबा. मग माउंडची चिकणमाती इंचाहून पातळ थरांत घालून धुम्मसने ठोका. धुम्मसला जुनं पोतं गुंडाळा, नाहीतर माती त्यालाच चिकटून वर येते. भरायची माती वाफशावर हवी: मुठीत गोळा व्हावा, हात मळू नये. शेवटी ताडपत्री. ती राहिली तर उन्हाने भेगा पडणारच.

बेसपाथची (एका बेसवरून दुसऱ्याकडे धावायच्या वाटेची) माती माउंडवर अजिबात नको. तिच्यात 60-70 टक्के वाळू असते, स्पाइक्सखाली लगेच सुटते. माउंडसाठी चिकणमातीचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास लागतं. तरीही उखडत असेल तर न भाजलेल्या मातीच्या विटा मिळतात, त्या पाय पडतो तिथे पुरा.

दाताळे: पाण्याचा दोष बहुधा मातीत नाही, कडेत आहे. ड्रॅग मॅट (माती सारखी करायला ओढतात ती जाळी) गवतापर्यंत ओढली की बारीक माती गवताच्या मुळाशी अडकते आणि हळूहळू बांध तयार होतो. कडेवर आडवी दोरी ताणून बघा, उंचवटा लगेच दिसेल. थोडा असेल तर ताठ झाडू आणि ब्लोअर पुरे. इंचाच्या वर गेला असेल तर गवताची पट्टी कापून उचला, खालची माती काढा, पट्टी परत बसवा.

यापुढे मॅट कडेपासून फूटभर आत थांबवा. कडेची माती हाताने, दाताळं कडेला समांतर ओढून सारखी करा. आणि तुंबलेलं पाणी झाडूने गवतात लोटू नका (सगळे हेच करतात!), त्याबरोबर गाळ जातो आणि बांध आणखी चढतो. पंपाने किंवा स्पंजने काढा.

ओहायोकर: कडेला उंचवटा निघाला, जवळपास दीड इंच. पट्टी कापतो. माउंडची उंची गवतापासून मोजायची ना?

चिकणमाती: नाही. होम प्लेटच्या (बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) पृष्ठभागापासून रबरच्या (माउंडवर पिचर पाय टेकतो त्या पट्टीच्या) वरच्या पृष्ठभागापर्यंत 10 इंच. अंतर 60 फूट 6 इंच, तेही प्लेटच्या मागच्या टोकापासून रबरच्या पुढच्या कडेपर्यंत. प्लेटच्या पुढच्या कडेपासून धरलंत तर 17 इंचांचा घोळ होतो. रबरपुढे 6 इंच सपाट, मग फुटाला 1 इंच उतार. खड्डा भरताना बिघडतो तो हा उतारच, म्हणून शेवटचा थर ठोकल्यावर उतारावर सरळ फळी ठेवून बघा. फळी डुगडुगली तर मधे माती जास्त झालीय.