बासेलला 11 मिनिटांत गाडी बदलायची आहे, जमेल का?

ठाणेकर_काकू

नमस्कार मंडळी. जूनमध्ये मी आणि हे (वय 64 आणि 69, ह्यांचा डावा गुडघा कुरकुरतो) फ्रँकफर्ट विमानतळावर उतरून रेल्वेनं स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला जाणार आहोत. लेकीनं तिकीट काढून दिलंय. विमानतळ ते बासेल, तिथे गाडी बदलून इंटरलाकेन ओस्ट, तिथे पुन्हा बदलायची. बासेलला हातात 11 मिनिटं. लेक म्हणते, "आई, भरपूर आहेत." तिला काय, ती पाठीला सॅक लावून पळते. आमच्या दोन मोठ्या बॅगा आणि औषधांची एक वेगळी.

तीस वर्षं ठाणे-दादर-अंधेरी केलंय, त्यामुळे पूल चढून पलीकडे पळणं अंगात आहे. पण डिसेंबर 2023 मध्ये दादरला मध्य रेल्वेचे फलाट 8 ते 14 झाले, तेव्हा इतक्या वर्षांच्या ओळखीच्या स्टेशनात माझी भंबेरी उडाली होती. इथे तर पाटीही वाचता येणार नाही. फलाट कळतो कसा? आणि गाडी चुकली तर तिकीट वाया जातं का?

फ्रायबुर्गवासी

काकू, तुमची गाडी आमच्या गावावरूनच जाणार.

पहिली गंमत विमानतळावरच आहे. तिथे स्टेशनं दोन. फलाट 1 ते 3 लोकलसारख्या गाड्यांचे, 4 ते 7 लांब पल्ल्याचे. तुम्हाला दुसरं हवं, पाटीवर 'फेर्नबानहोफ' असेल. फलाट क्रमांकाला इथे 'ग्लाइस' म्हणतात. जर्मन एवढंच शिका. घोषणेत 'ग्लाइस' ऐकू आलं की कान टवकारा, कारण फलाट ऐनवेळीही बदलतो. स्टेशनात वेळापत्रकाचे मोठे कागद लावलेले असतात, त्यातला पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. पांढऱ्यासमोर उभं राहून आपली गाडी शोधणारे पाहुणे मी नेहमी बघतो.

फलाटावर वर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुमचा डबा कोणत्या अक्षराखाली येणार ते फलकावर दिसतं. आपल्या कोच इंडिकेटरसारखंच, फक्त कधीकधी अख्खी गाडीच उलटी लागून येते. तसं झालं तर पळू नका. समोर येईल त्या डब्यात चढा आणि आतून चालत जा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची हुकली, तर त्यानंतरच्या गाडीनं जाता येतं. बासेलहून इंटरलाकेनला दिवसभर गाड्या आहेत. जीव टांगणीला लावू नका.

मिरजेची_माई

वरच्या उत्तरात मुख्य गोष्टच राहिली. बासेल दोन आहेत हो!

मी मिरज जंक्शनच्या आवाजात वाढलेली बाई. गाडी बदलायला मला कुणी शिकवू नये असा माझा तोरा. 2019 मध्ये फ्रँकफर्टहून येताना डब्यातल्या पडद्यावर 'बासेल' दिसलं आणि मी उठलेच. ह्यांना म्हटलं, चला, आलं. ते म्हणत होते, अगं वेळ झालेली नाही अजून. ऐकते कोण? दोन बॅगा, चकल्यांचा डबा आणि नवरा असं सगळं खाली उतरवलं. दार बंद झालं, गाडी निघाली, आणि मग मी पाटी नीट वाचली. 'बासेल बाड'. हे बाडिशर स्टेशन. आहे स्वित्झर्लंडच्या जमिनीवर, चालवते जर्मन रेल्वे. आपली गाडी जाते 'बासेल एसबीबी'ला (एसबीबी म्हणजे स्विस रेल्वे), पाच-सहा मिनिटं पुढे, नदी ओलांडून.

बाहेर येऊन 2 नंबरची हिरवी ट्राम पकडली. ह्यांनी अख्ख्या ट्राममध्ये एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं. एसबीबीला पोचेपर्यंत आमची गाडी अर्थातच गेलेली. मग बाकावर बसून चकल्या खाल्ल्या आणि समोरचं घड्याळ बघत राहिलो. त्याचा लाल काटा बारावर आला की क्षणभर थबकतो, मिनिटकाटा पुढे सरकला की मगच निघतो. मला वाटलं होतं बिघडलंय, पण तिथली घड्याळं मुद्दाम तशीच केलेली आहेत.

तर काकू, पहिल्या बासेलला हलायचं नाही. दुसऱ्याला उतरलात की सरकता जिना वर जातो, वर दुकानांचा रुंद पूल आहे, त्यावरून आपल्या फलाटाकडे खाली. लिफ्टही आहे, गुडघ्यासाठी तीच धरा. 11 मिनिटं पुरतात, वाटेत चॉकलेट बघत थांबला नाहीत तर.

ठाणेकर_काकू

माई, तुम्ही वाचवलंत, मी पहिल्यालाच उतरले असते. इंटरलाकेनलाही अशी काही भानगड आहे का?

फ्रायबुर्गवासी

आहे. आधी इंटरलाकेन वेस्ट येतं, तिथे बसून राहा. ओस्ट शेवटचं, गाडीच तिथे संपते. पुढची छोटी गाडी मात्र जपून. ती त्स्वायल्युचिनेनला तुटते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला जातात. चढण्याआधी डब्यावरची पाटी बघा. (त्या नावाचा अर्थच 'दोन ल्युचिने'. काळी आणि पांढरी ल्युचिने या नद्यांचा तिथे संगम होतो, आणि गाडीची नेमकी तिथेच फारकत.)

ठाणेकर_काकू

हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तू पाट्या बघ, मी बॅगा बघतो." गुडघ्याचं काय म्हणून विचारलं, तर पेपरात डोकं घातलंय.