एका खोलीत तिघं: कोणाचा आवाज कुठवर जातो ते डोळ्यांना दिसेल असं काही सुचवा

धरमपेठकर: १२ बाय १४ ची खोली. एकाचं लेक्चर, एकाची गाणी, एकाला शांतता. प्रत्येकाच्या आवाजाची हद्द दिसली पाहिजे. बजेट १५००, वर नाही.

महालवाला: आवाज दाबणारे हेडफोन घ्या. ६ हजारांत मस्त येतात. माझे कूलरची घरघर गिळून टाकतात.

बर्डीचा_भाऊ: त्यानं हद्द कशी दिसणार? अल्ट्रासोनिक स्पीकर घ्या. ४० किलोहर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या लहरीवर आवाज चढवतात, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो.

नादखुळा: समोरच्या भिंतीवर आदळून परतही येतो. खर्ज जवळपास नसतोच, आणि किंमत बजेटच्या कितीतरी पुढे.

हद्द काढायला खडू पुरतो. फरशीवर २-२ फुटांच्या चौकटी आखा. स्पीकर बंद ठेवून फोनच्या डेसिबल अ‍ॅपवर खोलीचा आवाज मोजा. मग नेहमीच्या व्हॉल्यूमवर पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा आवाज) लावा. फोन कानाच्या उंचीवर, हात लांब करून धरा, दर चौकटीत १० सेकंदांची सरासरी घ्या. आकडा जिथे ३ डेसिबलनं जास्त, तिथे स्पीकर आणि खोलीचा आवाज बरोबरीत असतो. ते बिंदू जोडा, हीच हद्द. सगळं एकाच फोननं मोजा. कूलर चालू आणि बंद, दोन्ही रेषा काढा. बंद केला की हद्द पसरते.

मानेवाडा_९: अ‍ॅप ए-वेटिंगवर (कानासारखे खालचे सूर कमी मोजणारी सेटिंग) असेल तर १०० हर्ट्झ १९ डेसिबल कमी दिसतो. सी-वेटिंग लावा, ती खालचे सूर फारसे कापत नाही.

नादखुळा: लेक्चरला ए-च बरोबर, गाण्यांना सी. पण १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरची, खोलीच्या रुंदीएवढी. तिला कुंपण नाही. गाणीवाल्याला बास कमी करायला लावा.

महालवाला: म्हणूनच हेडफोन सांगून राहिलो.

सोल्डरवाला: खडूची रेष पुसते. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), माईक मॉड्यूल आणि १२ एलईडीची रिंग प्रत्येकाच्या उशाशी लावा, दुसऱ्याचा आवाज आला की लाल. माईक ३४ नंबरच्या पिनला जोडा, ती एडीसी-१ ची (एडीसी म्हणजे सिग्नलचा आकडा करणारा भाग). एडीसी-२ च्या पिना वायफाय चालू असताना वाचत नाहीत. पूर्ण पांढरा पेटला तर एक एलईडी ६० मिलीअँपिअरपर्यंत खातो, ब्राइटनेस कमी ठेवा.

बर्डीचा_भाऊ: तीन संच १५०० मध्ये बसवून दाखवा.

धरमपेठकर: एलईडी नको, रात्री डोळ्यांत जाईल. खडू ओल्या पोछ्यानं जातो, म्हणून तीन रंगांची चिकटपट्टी आणली. कूलर बंदची रेष काढत नाही; मे महिन्यात तो बंद होतच नाही. लेक्चरवाल्याची हद्द मोजून झाली: खाटेपासून ५ फूट, दाराकडे ७.

नादखुळा: पावसाळ्यात कूलर गेला की पट्ट्या पुन्हा लावाव्या लागतील.