७५ लिटरचा रीफ टँक (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) : एप्टेशिया (दगडांवर फोफावणारी उपद्रवी समुद्रफुलं) आणि तपकिरी चिकटा. दगड उकळून नव्याने सुरुवात करावी का?

कुळागर (फोंडा)
नमस्कार मंडळी. टाकी ६० × ४० × ४० सेंमी, दगड-वाळू वगळून पाणी ७५ लिटर. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी हे मासे, शिवाय झोअँथिड, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर ही प्रवाळं. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं आणि तिथून टाकी बिघडत गेली. दगडांवर तीसेक एप्टेशिया आहेत, सर्वांत मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. वाळूवर शेंबडासारखा तपकिरी थर, त्यात बुडबुडे अडकलेले. दिवे लागले की दुपारपर्यंत वाढतो, रात्री जवळजवळ दिसत नाही. गोगलगायी मरताहेत, झोअँथिड मिटलेले.

क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २९.५, केएच (पाण्याची अल्कधर्मिता) ७.५, नायट्रेट ०, फॉस्फेट ०. फॉस्फेट रिमूव्हर चालू आहे, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलतो. दुकानातून सल्ला मिळाला की सगळे दगड काढून उकळा. करावं का?

दर्यावर्दी (वास्को)
दगड अजिबात उकळू नका. झोअँथिड आणि त्यांच्या जातभाई पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. उष्णतेने ते सहज नष्ट होत नाही, वाफेबरोबर उडालेले थेंब श्वासातून आत जातात. ताप, छातीत आवळणं, श्वास लागणं, तोंडात धातूची चव अशी लक्षणं दिसतात आणि घरातले सगळेच आजारी पडू शकतात. गरम पाणी ओतणं, सुक्या दगडावर ब्रश मारणं, हेही नको. टाकीत हात घालताना नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

एप्टेशिया सुरीने खरवडायचा मोहही टाळा. पायाचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा उगवतो. एकाचे पाच होतात ते असेच.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी तापमान, मग तो तपकिरी थर, मग एप्टेशिया. सगळं एकदम केलंत तर झोअँथिड जातील.

खाजन (दिवाडी)
तुमच्या वर्णनावरून हे डायनोफ्लॅजेलेट (डायनो, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव) वाटतात. खात्री करून घ्या. थोडा चिकटा टाकीच्याच पाण्यासह बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा तंतू जमले तर डायनो. असाच थर करणारे सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर वाढणारे जिवाणू) असे परत जुळत नाहीत. कुणाच्या शाळा-कॉलेजात मायक्रोस्कोप मिळाला तर ४०० पट करून बघा. थेंबाच्या आकाराचा, एका टोकाशी बांधल्यासारखा गरगर फिरणारा डायनो म्हणजे ऑस्ट्रिऑप्सिस. गोगलगायी मरताहेत म्हणून मला त्याचाच संशय आहे, तो विषारी असतो.

मुळाशी तुमचे ते दोन शून्य आहेत. नायट्रेट-फॉस्फेट संपलं की साधं शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडतात आणि मोकळी झालेली जागा डायनो घेतात. म्हणून टाकी आणखी 'स्वच्छ' करत गेलात तर ते वाढतच जातात. फॉस्फेट रिमूव्हर आजच काढा. तूर्त पाणी बदलणंही थांबवा, चिकटा तेवढा बारीक नळीने ओढून काढा. ओढलेलं पाणी ५ मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) गाळून परत टाकलं तरी चालेल.

नायट्रेट वाढवायला प्रयोगशाळा-दर्जाचं सोडियम नायट्रेट घ्या. १० ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. त्यातले १० मिली तुमच्या ७५ लिटरमध्ये नायट्रेट सुमारे १ पीपीएम (दशलक्षात एक भाग) वाढवतात. रोज २० मिली, दर दोन दिवसांनी चाचणी, लक्ष्य ५ ते १० पीपीएम. फॉस्फेट ०.०५ ते ०.१ हवं. त्यासाठी गोठवलेलं मायसिस (माशांना द्यायची बारीक कोळंबी) न धुता, नेहमीपेक्षा जास्त द्या. सुरुवातीला टेस्ट किट शून्यच दाखवेल, कारण दगड फॉस्फेट शोषतो. धीर धरा.

ऑस्ट्रिऑप्सिस निघाला तर ९ वॅटचा यूव्ही (पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा) लावा, त्यातून जाणारा प्रवाह मंद ठेवा. तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून रात्रभर चालू हवा. वाळूतच राहणारा दुसरा डायनो, अँफिडिनियम, असेल तर यूव्हीचा उपयोग नाही. विष शोषायला कार्बन मात्र दोन्ही वेळा हवा, दर ४-५ दिवसांनी बदलून.

कुळागर (फोंडा)
देव बरें करूं! उकळायचं रद्द. गाळून बघितलं, तंतू परत जमले. रिमूव्हर काढला. एप्टेशियासाठी कालवासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) पेस्ट वापरतात असं वाचलं. पानाला लावायचा चुना चालेल का? आणि एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडू का?

दर्यावर्दी (वास्को)
पानाचा चुना म्हणजे मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, पण त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. भिंतीच्या चुन्याचंही तेच. शुद्ध पावडर आणा.

एका वेळी १ ग्रॅमपेक्षा जास्त पावडर टाकीत जाऊ देऊ नका. तुमच्या पाण्यात १ ग्रॅमने केएच जवळपास १ ने चढतो, पीएचही उडी मारतो. म्हणजे दिवसाला ५-६ एप्टेशिया, पुढची खेप दोन दिवसांनी. १ ग्रॅममध्ये आरओ पाणी थेंबाथेंबाने घालून पातळ दह्यासारखी पेस्ट करा. ३ मिलीची सिरिंज, बोथट १८ गेजची सुई. बारीक सुई तुंबते. वेव्हमेकर (लाटा करणारा पंप), फिल्टर बंद. आधी कोळंबीचा कण द्या म्हणजे तोंड उघडतं. मग बाजूने हळू जाऊन नेमकी तोंडावर पेस्ट सोडा. धक्का लागला की तो क्षणात भोकात ओढला जातो, मग भोकाचं तोंडच पेस्टने बुजवायचं. २० मिनिटांनी पंप चालू. पेस्ट झोअँथिडवर सांडली तर ते जळतील, म्हणून त्यांच्याजवळचे शेवटी घ्या.

माडाची_सावली (पेडणे)
दर्यावर्दी बाब, रुपयाएवढ्यांवर पेस्टच, मान्य. पण बारक्या पिल्लांसाठी कोळंबीच बरी, ती सिरिंजने सापडतच नाहीत. कुळागर बाब, डायनो गेल्यावरच ३ आणा, आत्ता नको. घेताना नीट बघा. पेपरमिंटच्या नावाखाली कॅमल कोळंबी विकतात. तिच्या पाठीला ठळक कुबड, लाल अंगावर पांढऱ्या रेषा आणि ठिपके. ती झोअँथिड आणि मशरूम कुरतडते. पेपरमिंटच्या अंगावर लाल पट्टे असतात, मधे पांढऱ्या रेषा नसतात. थेंब-थेंब पाणी घालत तासाभराने सोडा. टाकीत तांब्याचं औषध कधी पडलं असेल तर ती जगणार नाही.

आता तापमान. पंख्याने पाण्यावर वारा मारून उन्हाळ्यात एक-दोन अंश उतरतात. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन फारच कमी होतं, पंखा जवळजवळ नुसताच फिरतो. चिलर झेपत नसेल तर दिवे ६ तासांवर आणा, पांढरे बंद, निळे चालू, आणि झाकण काढून जाळी ठेवा. लक्ष्य २६-२७. आटलेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं आरओ पाणी, मिठाचं नाही. घरचा पिण्याचा आरओ वापरत असाल तर त्याचा टीडीएस ॲडजस्टर कच्चं पाणी मिसळतो, तो पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारा गाळा) लावा. मीटरवर ० दिसायला हवं. पावसात वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

कुळागर (फोंडा)
शेवटचं. काही दगड बदलायचे झाले तर गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाकडून आणता येतील का? समुद्राचं पाणी?

खाजन (दिवाडी)
नाही. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथला दगड उचलला की त्याला चिकटलेलं प्रवाळही येतं आणि तो गुन्हा आहे. शिवाय आपला समुद्र ओरबाडून टाकी सजवू नये असं मला मनापासून वाटतं. सुका दगड घ्या, त्यावर एप्टेशियाही येत नाही. पाणी तर पावसात नकोच. मांडवी-जुवारीचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरलेलं असतं, क्षारता कुठल्या कुठे जाते. टाकीच्या समुद्री मिठाचं पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात भरा, नाहीतर आपल्या दमट हवेत दगड होतो आणि मोजमाप चुकतं.

डायनो दिसेनासे झाल्यावरही दोन आठवडे नायट्रेट ५ च्या खाली जाऊ देऊ नका. हिरवं शेवाळ उगवू लागलं तर ते घासू नका, टाकी सुधारत असल्याची ती खूण आहे. मग नवीन गोगलगायी सोडा आणि पाणी बदलायला सुरुवात करा, पहिल्यांदा ५ टक्केच.