चालता-चालता समुपदेशन: माहितीपत्रकात काय लिहावं, जागा कशी निवडावी?

शमी

पुण्यात समुपदेशनाची खाजगी प्रॅक्टिस आहे. सौम्य ते मध्यम नैराश्य, चिंता, कामाचा थकवा असे क्लायंट जास्त. त्यांतल्या काहींची सेशन्स खोलीऐवजी टेकडीवर किंवा बागेत चालत-चालत घ्यायचा विचार आहे. माहितीपत्रक लिहायला बसलं की गाडी 'निसर्गाच्या कुशीत', 'मूल्याधारित उपचार' असल्या शब्दांवर घसरते आणि वाचून माझाच विश्वास बसत नाही. जाणकारांनी सांगावं: पहिलं सेशन बाहेर नेण्याआधी काय-काय ठरवून घ्यायचं? कुणाला नेऊच नये? पत्रकात दावा किती करावा? सध्या वेताळ टेकडी, सकाळी साडेसहा असं डोक्यात आहे.

औदुंबर

आधी वेळ बदला. साडेसहाला त्या टेकडीवर अर्धं कोथरूड असतं. क्लायंटच्या डोळ्यांत पाणी आलं की कुणीतरी काका थांबून "काय झालं बाळ?" विचारणारच. आठवड्याच्या मधल्या वारी, साडेआठनंतर गर्दी ओसरते, पण मार्च ते मे तेव्हा ऊन चढलेलं असतं. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद. एम्प्रेस गार्डनला तिकीट आहे, पण सपाट वाटा आणि जुन्या झाडांची दाट सावली मिळते. शनिवार-रविवार आणि जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन टाळा.

वाट अशी हवी की दोघांना शेजारी-शेजारी चालता येईल. पायवाट अरुंद असली की एक पुढे, एक मागे. मग "काय म्हणालात?" विचारावं लागतं, आणि मोठ्या कष्टानं काढलेलं वाक्य माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. दर पाच-सात मिनिटांवर बसायला बाक किंवा कठडा, मोबाईलला रेंज, सुरुवातीच्या जागी स्वच्छतागृह. मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघा. ज्या वारी, ज्या वेळी सेशन असेल त्याच वारी, त्याच वेळी आधी एकट्यानं फिरून या; मंगळवारची वाट रविवारी ओळखू येत नाही.

५० मिनिटं अशी वाटा: पहिली ५ मिनिटं एका जागी उभं राहून किंवा बसून. पाणी आहे ना, चपला-बूट ठीक आहेत ना, आज बाहेर की आत? हा शेवटचा प्रश्न दर वेळी विचारायचा, गेल्या वेळचा होकार आज चालत नाही. मग १७ मिनिटं जायचं आणि घड्याळ बघून वळायचं, 'त्या वडापर्यंत जाऊ' असं ठरवून नाही. परतीला १८ मिनिटं धरा, म्हणजे शेवटची १० बसून बोलायला उरतात. वळल्यावर नवा अवघड विषय उघडू नका. नाहीतर पंचेचाळिसाव्या मिनिटाला माणूस कोसळलेला आणि पार्किंग अजून अर्धा किलोमीटर लांब.

वेग क्लायंटचा. चढावर दम लागतो, बोलणं तुटतं, आणि पॅनिकचा त्रास असलेल्याला ती धडधड ॲटॅकच वाटते. त्यांच्यासाठी सुरुवातीला पूर्ण सपाट वाट. धडधडीची सवय व्हावी म्हणून पुढे मुद्दाम छोटा चढ घेता येतो, पण तो त्यांच्याशी बोलून, उपचाराच्या आराखड्यात लिहून.

घाटमाथा

मनोविकारतज्ज्ञ म्हणून औषधांपुरतं लिहितो. बाहेर नेण्याआधी औषधांची यादी मागाच.

लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरायचं औषध) चालू असेल तर घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली पातळी वाढू शकते. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं दिसलं तर सेशन तिथेच थांबवा, सावलीत बसवा आणि त्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. 'उद्या बघू' नाही. ॲंटिसायकोटिक औषधांवर (भ्रम-भास आवरणारी) उष्णता कमी सोसते. त्यांतल्या क्लोरप्रोमाझिनवर कातडी उन्हानं पटकन भाजते, टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यात. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध घेणारा बाकावरून झटकन उठला तर चक्कर येऊ शकते, शिवाय उष्णताही कमी सोसू शकते. एप्रिल-मे महिन्यांत या सगळ्यांना सकाळी नऊनंतर बाहेर नेऊ नका.

कुणाला नेऊच नये: मॅनियाच्या (अतिउत्साहाच्या) भरात असलेला, तीव्र सायकोसिस (भ्रम-भास, वास्तवाचं भान सुटणं) असलेला, आत्महत्येचा विचार सक्रिय असलेला. शेवटच्या माणसाला आधी सुरक्षितता आराखडा (संकटात काय करायचं, कुणाला बोलवायचं ते लिहिलेलं), घरचं माणूस आणि मनोविकारतज्ज्ञ हवा, टेकडी नंतर. एरवीही मूल्यमापन पक्कं होईपर्यंत खाण, तळं, कडा असलेली वाट घेऊ नका. म्हणजे वेताळ टेकडीवरचा खाणीकडचा भाग बाद. खाण्याच्या विकारात चालणं हेच कॅलरी जाळायचं साधन असू शकतं, तिथे बसून सेशन. अत्याचाराचा इतिहास असेल तर निर्जन झाडी शांत वाटेलच असं नाही; रस्ता दिसणारी, येण्याजाण्याला दोन वाटा असलेली जागा त्यांनाच निवडू द्या. 'डोळे मिटून पानांचा आवाज ऐका' हेही त्यांना सरसकट सांगू नका. डोळे उघडे, पाय जमिनीवर, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्या, एवढं पुरतं.

फोनमध्ये रुग्णवाहिकेचा १०८ आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हवाच. क्लायंटच्या घरचा एक नंबर लेखी परवानगीनं.

खवचट खार

आता दाव्यांबद्दल, कारण फसवणूक तिथेच होते, बहुतेकदा नकळत.

सगळ्यांच्या पत्रकात असतो तो १९८४ चा रॉजर उलरिकचा अभ्यास. पेनसिल्व्हेनियातल्या इस्पितळात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण होते ४६, आणि आजार पित्ताशयाचा. २०१५ चा ब्रॅटमनचा प्रयोग: ३८ जण, ९० मिनिटांचं चालणं, काही झाडीत, काही रहदारीच्या रस्त्यालगत. झाडीतल्यांचं तेच-तेच नकारात्मक विचार घोळवत बसणं कमी झालं. पण सहभागी सगळे निरोगी होते. आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवण्याचा जो आकडा फिरतो तो इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतला, २०१९ चा. त्यात संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मुळात बरं वाटणारी माणसंच जास्त बाहेर पडत असतील. जपानच्या वनखात्यानं 'शिन्रिन-योकू' (जंगलस्नान) हे नाव १९८२ मध्ये दिलं, ते लोकांनी जंगलात यावं म्हणून. मोजमापं बरीचशी नंतर आली.

तेव्हा 'निसर्ग बरं करतो' खोडा. उपचार तुमचा जो आहे तोच, वर्तन-सक्रियीकरण (छोटी-छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करणं) असो की विवेकनिष्ठ पद्धती (अविवेकी विचार तपासून बदलणं). बाहेर जाणं ही जागा आहे. काहींना समोरासमोर नजर देऊन बोलणं जड जातं, शेजारी चालताना सोपं जातं. नैराश्यात घराबाहेर पडणं हाच उपचाराचा एक भाग असतो. एवढं छातीठोक लिहा.

आणि 'मूल्याधारित' हा शब्द कुणाची मूल्यं ते सांगत नाही. तुम्हाला पक्षी आवडतात म्हणून बोलण्याच्या मध्येच "तो बघा शिक्रा!" केलंत, की सेशन तुमचं झालं. झाडांना नमस्कार, प्रदक्षिणा, 'वृक्षाशी बोला' हे क्लायंटनं स्वतःहून आणलं तर ठीक, तुम्ही आणू नका. कुणाला पिंपळाखाली आधार वाटतो, कुणाला भीती. मूल्य लिहायचंच तर वागण्यात दिसेल असं लिहा: 'कधीही, कारण न देता, आत बसू असं म्हणता येईल. त्याची फी वेगळी नाही.'

शमी

सगळ्यांचे आभार. खाणीचा भाग आणि साडेसहा दोन्ही रद्द. अजून दोन शंका. ओळखीचं कुणी भेटलं तर नेमकं काय करायचं? आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई किंवा तान्हं मूल यांमुळे ज्यांना घर सोडताच येत नाही, त्यांना या पद्धतीतलं काही देता येतं का?

वाफा

दुसऱ्या शंकेचं सांगते. कुंडी द्या, पण मेथीची. धणे नको: कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस तरी लागतात, आणि खचलेला माणूस चौथ्या दिवशीच 'माझ्या हातून काही होत नाही' म्हणून मोकळा होतो. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते आणि साधारण महिन्यात भाजीजोगी होते.

तळाला भोक असलेला, चार-पाच इंच खोल पसरट ट्रे किंवा दह्याचा मोठा डबा. निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. स्वयंपाकघरातलीच मेथी रात्रभर भिजवून पसरायची, वर बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी माती. सकाळचं तरी ऊन येईल अशी खिडकी. पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघायचं, माती बोटाला चिकटली तर आज पाणी नाही. मेथी मरते ती बहुतेक जास्त पाण्यानं: रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात. गृहपाठात 'रोज पाणी घाला' न लिहिता 'रोज बोट लावून बघा' लिहा. काम तेवढंच राहतं, रोप वाचतं.

आठवड्याच्या अंतरानं दोन ट्रे पेरायला सांगा. एक गेला तर दुसरा असतो, आणि गेलेल्याबद्दल सेशनमध्ये बोलता येतं. 'मी रोपसुद्धा मारलं' असं कुणी म्हणालं तर "अहो, रोपच आहे" म्हणून उडवू नका, त्या वाक्यातच बऱ्याचदा कामाचा मुद्दा असतो. आणि नोंदवहीत रोप किती इंच वाढलं ते नको. कुंडीपाशी जाण्याआधी आणि नंतर मन कसं होतं ते दहापैकी गुण देऊन लिहायला सांगा.

औदुंबर

ओळखीचं कुणी भेटलं तर: हे संमतीपत्रातच ठरवा, आणि बाहेरच्या सेशनचं संमतीपत्र वेगळं ठेवा. क्लायंटच्या ओळखीचं भेटलं तर बोलायचं क्लायंटनं. तुमची ओळख काय सांगायची ते त्यांनी आधीच निवडलेलं असावं. 'ओळखीच्या आहेत' एवढं बहुतेकांना पुरतं. तुमच्या ओळखीचं भेटलं तर मान हलवून पुढे, थांबायचं नाही, ओळख करून द्यायची नाही. हातात फाइल, वही, गळ्यात संस्थेचं कार्ड नको. नोंदी नंतर गाडीत किंवा खोलीत. माणूस जवळून जाताना दहा-पंधरा पावलं गप्प राहायचं, हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर क्लायंटला वाटतं तुम्हाला कंटाळा आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम २३ नं गोपनीयता हा हक्क दिलाय, पण उघड्यावर ती खोलीइतकी पाळता येत नाही. हे पत्रात सरळ लिहा आणि खाली वेगळी सही घ्या.

शमी

मसुदा असा केलाय: 'काही सेशन्स आपण बागेत चालत घेऊ शकतो. उपचारपद्धती तीच राहते. चालण्यानं किंवा झाडांमुळे आजार बरा होईल असा दावा नाही. वेग तुमचा, वाट आपण दोघांनी ठरवलेली. केव्हाही आत बसू म्हणता येईल, फी तीच. बाहेर गोपनीयतेला मर्यादा आहेत, त्या वेगळ्या पत्रात वाचून सही करावी. पाऊस असल्यास सेशन रद्द.'

खवचट खार

शेवटचं वाक्य बदला. 'पाऊस असल्यास त्याच वेळी खोलीत किंवा ऑनलाइन, सेशनच्या दोन तास आधी मेसेज येईल' असं करा. रद्द लिहिलंत तर जून ते सप्टेंबर निम्मी सेशन्स बुडतील, आणि नैराश्यातला माणूस दोनदा रद्द झाल्यावर तिसऱ्यांदा स्वतःहून फोन करत नाही.