मदत हवी आहे: जुनी स्प्लेंडर घेतली, आधीचं काहीच ठाऊक नाही. कशाला आधी हात घालू?

मंडळी नमस्कार.

नुकतीच २०१६ची स्प्लेंडर प्लस घेतली. एमएच-१० पासिंग, मी तिसरा मालक. तासगावहून कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जायला गाडी हवी होती आणि बजेटमध्ये हीच बसली. कवलापूर, बुधगाव, माधवनगर असा रोजचा रस्ता. रात्रपाळी सुटते तेव्हा वाटेत एकही गॅरेज उघडं नसतं. त्यामुळे गाडी दिसायला कशीही असो, वाटेत बंद पडायला नको.

अडचण अशी की या गाडीबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही. मधल्या मालकानं थोडे दिवस वापरून एजंटला दिली. सर्व्हिसचं पुस्तक नाही, एक बिल नाही. मीटरवर ३८ हजार दिसतात, पण मीटरची केबल नवी आहे. मध्ये किती काळ मीटर बंद होतं ते कळायला मार्ग नाही. आणि विम्याच्या जुन्या झेरॉक्सवर पहिल्या मालकाचा पत्ता सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातला आहे. २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ला पुन्हा पूर आला. गाडी पाण्यात उभी होती का, हीच शंका डोक्यातून जात नाही.

सध्याची लक्षणं: चोक ओढून लगेच चालू होते. धूर दिसत नाही. टॅपेटचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळचा) टिकटिक आवाज येतो. गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही. मागचा ब्रेक फार खाली जाऊन लागतो. आयडलला हेडलाइट मंद होतो.

एका मेस्त्रींनी "इंजिन उघडूनच बघू" असं सांगितलं. दुसरे म्हणाले, ऑइल बदला आणि चालवा. पगाराला वेळ आहे, त्यामुळे सगळं एकदम जमणार नाही. कशापासून सुरुवात करू? इंजिन उघडायची खरंच गरज आहे का?

शॉकअप:

दादा, इंजिन आत्ता अजिबात उघडू नका. धूर नाही, स्टार्टिंग चांगलं आहे, मग उघडून बघायचं काय? एकदा उघडलं की गॅस्केट, सील आणि मजुरी लागतेच, आणि नीट जोडलं नाही तर नवीन दुखणं मागे लागतं.

पहिलं काम ऑइल. मागच्या मालकानं कधी बदललं, कोणतं टाकलं, हे कळणार नाही, म्हणून आतलं ऑइल संपलेलंच आहे असं धरून चाला. चार-पाच किलोमीटर चालवून इंजिन गरम करा आणि ड्रेन नट काढून ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या. मग ते उजेडात बघा. नुसतं काळं असेल तर काळजी नाही. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. बोटांवर चोळल्यावर चमकणारे बारीक कण लागले तर धातू झिजतोय. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारल्या तर ऑइल कॅपच्या आतून पांढुरका थर येऊ शकतो, तेवढ्यावरून घाबरू नका. निर्णय ड्रेनमधून निघालेल्या ऑइलवर करा.

या इंजिनाला बाहेरून बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नाही. आत जाळी आहे आणि क्रँकवर गाळ धरून ठेवणारा फिरता फिल्टर आहे. क्लचच्या बाजूचं कव्हर काढलं की दोन्ही साफ करता येतात. जुन्या गाडीत तिथे किती गाळ निघतो ते मी रोज बघतो. कव्हर काढलंच आहे तर क्लच प्लेटही बघून घेता येतात. हे इंजिन उघडणं नव्हे, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि बोअरला (पिस्टन फिरतो ती नळी) हात लागत नाही.

भरताना १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडणाऱ्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं, साधारण ९०० मिली. गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून कारचं ऑइल स्वस्त मिळालं तरी घालू नका. काही कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात आणि त्यानं क्लच घसरायला लागतो. डिझेल किंवा रॉकेल टाकून "इंजिन धुणं" तर कुणालाही करू देऊ नका. ते निथळून पूर्ण बाहेर येत नाही आणि नवीन ऑइल पातळ करतं. त्यापेक्षा पाचशे किलोमीटरला ऑइल परत बदला. तेच खरं धुणं.

टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून सेट करा. आवाज जाईपर्यंत आवळणारे बरेच असतात. थोडा टिकटिक आवाज चालतो, पण घट्ट झालेला व्हॉल्व्ह जळतो. न्यूट्रलसाठी आधी क्लच केबलचा फ्री प्ले (मोकळी हालचाल) बघा, लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी हवा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही.

हेडलाइटचं टेन्शन सोडा. या मॉडेलला हेडलाइट थेट मॅग्नेटच्या (इंजिनासोबत फिरून वीज बनवणारा भाग) एसी करंटवर चालतो, आयडलला मंद होणारच. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर आहेत. ते मंद झाले तर बॅटरी किंवा चार्जिंग तपासा.

कृष्णाकाठ:

पुराबद्दल मी लिहितो. २०१९ला आमच्या गल्लीतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या, आणि पाणी ओसरल्यावर त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यात गैर काही नाही, वेळेत नीट खोलून साफ केलेली गाडी उत्तम चालते. न खोलता फक्त वरून धुतलेली गाडी त्रास देते.

कृष्णेचा गाळ फार बारीक असतो आणि पाण्याचा फवारा पोचत नाही तिथे तो वर्षानुवर्षं राहतो. त्यामुळे अशा जागा बघा: हेडलाइटची काच काढून वाटीचा तळ, सीट काढल्यावर चॅसीचे कोपरे, साइड पॅनेलच्या आतली बॅटरीची पेटी, एअर फिल्टरच्या डब्याचा तळ, टेल लाइटच्या आतलं. एका जागी माती असेल तर ती रस्त्याची असू शकते. सगळीकडे एकाच रंगाचा पिठासारखा थर एका उंचीपर्यंत असेल तर समजा.

नंतर वायरिंग. हेडलाइटच्या वाटीतले आणि सीटखालचे कनेक्टर एकेक करून उघडा. पितळी पिनांवर हिरवा थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करून घट्ट बसवा. एखादी वायर थोडी सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर पाणी इन्सुलेशनच्या आत चढलंय, तेवढा तुकडा बदलावा लागेल. रात्री अचानक बंद पडणारी गाडी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते, आणि तुमची ड्युटी रात्रीची आहे. म्हणून ऑइलनंतर दुसरा नंबर मी वायरिंगला देईन.

टाकीत टॉर्च मारा (जवळ कुणी विडी-सिगारेट पेटवणार नाही हे बघून). कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि ठेवून द्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. आज सुट्टी होती, काल संध्याकाळीच मेस्त्रींकडून ऑइल काढून घेतलं. काळं आणि दाट निघालं, पण दुधाळ नाही, चमकही नाही. जाळी आणि फिरता फिल्टर साफ केला. तिथे मात्र काळा चिखलच होता.

हेडलाइटच्या वाटीत आणि बॅटरीच्या पेटीत तोच करडा थर सापडला. टेल लाइटमध्येही आहे. सीटखालच्या दोन कनेक्टरवर हिरवं आलंय. म्हणजे गाडी पाण्यात होती हे मी आता धरूनच चालतो. बाटलीत पाणी दिसलं नाही, पण तळाशी तांबूस गंज बसला.

आता चाकं, ब्रेक, चेन यांचं सांगा. चेनकव्हर बंद असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

माणदेशी:

चेनकव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढा आणि चाक हातानं फिरवत चेन वर-खाली दाबा. एकूण हालचाल साधारण २० ते ३० मिमी असावी. पण पूर्ण फेरीत एके ठिकाणी ताण आणि एके ठिकाणी ढील लागत असेल तर चेन असमान लांबली आहे, ॲडजस्ट करून उपयोग नाही. गाडी पाण्यातली आहे, मी तर सरळ कव्हर खोलून बघेन. दात एका बाजूला वाकलेले दिसले तर पूर्ण चेन सेट बदला. फक्त चेन बदलली तर झिजलेली चक्रं नव्या चेनलाही लवकर खातात.

मागचं चाक निघालंच तर तीन कामं तिथेच करून घ्या. एक, बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली की बदला. पाण्यातल्या गाडीत ग्रीस धुतलं गेलेलं असतं. दोन, हब रबर (चाकातली झटका शोषणारी रबरं) बघा, ती मेली की गिअर टाकताना झटका बसतो. तीन, ब्रेक लायनर. ड्रमच्या बाहेर ब्रेकच्या आर्मजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो पॅनेलवरच्या खुणेपर्यंत आला तर लायनर संपले. लायनर चांगले असले तरी ड्रममधला गाळ ओल्या फडक्यानं पुसा, तोंडानं फुंकू नका. ब्रेकचा कॅम (लायनर फाकवणारा दांडा) काढून, साफ करून, हलकं ग्रीस लावा. तुमचा ब्रेक खाली जातोय त्यात या गंजलेल्या कॅमचा वाटा असू शकतो.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला.

टायरवर नक्षी आहे का एवढंच बघू नका. बाजूला डॉट या अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी असूनही ओल्या रस्त्यावर धरत नाही. हवा (पीएसआयमध्ये) पुढे २५, मागे २८, मागे माणूस बसवणार असाल तर मागे ४१. चौकातला हवावाला विचारल्याशिवाय दोन्हीत सारखीच भरतो.

पैसे कमी आहेत म्हणता, तर माझा क्रम असा: मागचा ब्रेक, वायरिंग, टायर, चेन. ब्रेकला पगाराची वाट बघू नका.

शॉकअप:

वर माणदेशींनी लिहिलंय तोच क्रम बरोबर, मी ब्रेकचं आधी लिहायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे. त्यात स्वस्तातली दोन कामं घाला: प्लग आणि एअर फिल्टर. प्लग काढून फेकू नका, बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय, एअर फिल्टर तुंबलेला असला तरी असं होतं. ओला तेलकट असेल तरच रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा विचार करायचा, आणि तेव्हाच इंजिन उघडण्याची भाषा.

वाटसरू:

कागदांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सह्या घेतल्या का? गाडी नावावर झाल्याशिवाय रात्रीची वापरू नका, अपघात झाला तर तुम्ही आणि कागदावरचा मालक दोघंही अडकाल. विमाही नावावर करून घ्यायचा, त्यासाठी कायद्यानं १४ दिवस दिलेत. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ लागेल. जुनी चलनं ऑनलाइन तपासा. गाडी एप्रिल २०१९च्या आधीची आहे, त्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघा.

धागाकर्ता:

२९-३० वर सह्या आहेत, बोजा नाही. विम्याचं उद्याच करतो.

प्लग काढला, कोरडी काजळी होती. एअर फिल्टर मातीनं भरलेला, तो बदलला. इंजिन उघडायचं नाही हे नक्की. ब्रेकसाठी मागचं चाक या रविवारी काढतोय, चेनही तेव्हाच बघेन. तोपर्यंत ड्युटीला एसटीनं जातो.

एकच राहिलं: टाकीतल्या गंजाचं काय? नवी टाकी परवडणार नाही.

कृष्णाकाठ:

तळाला भोक पडलेलं नसेल तर टाकी वाचते. टाकी उतरवून पेट्रोल पूर्ण काढा, कॉक (पेट्रोलचा नळ) काढून तिथे बूच लावा. कोमट पाण्यात लिंबूसत विरघळवून काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं खायच्या सोड्याच्या पाण्यानं. मग लगेच वाळवा. ओली राहिली तर काही तासांत परत तांबूस होते. वाळल्यावर थोडं ऑइल आत फिरवून काढून टाका, कॉकची जाळी नवी घाला आणि पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर बसवा. पहिल्या महिन्यात तो फिल्टर अधूनमधून बघत राहा, उरलेला गंज त्यात येईल. टाकी अर्धी-रिकामी ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात.