नववीत नवीन शाळा, मुलाला मित्र कसे मिळतील?

प्रश्न: अमरावतीहून नागपुरात बदली झालीय. मुलगा नववीत, मुळात अबोल. जूनच्या शेवटी शाळा उघडेल. इथल्या वर्गातले ग्रुप आधीच ठरलेले असतील नं? काय करता येईल?

उत्तर १: ग्रुप ठरलेलेच असतात, म्हणून ग्रुपात शिरायच्या मागे लागू नका. एकच मुलगा गाठायचा. सगळ्यात सोपा म्हणजे त्याच व्हॅनमधला किंवा सायकलने त्याच रस्त्याने जाणारा. रोज वीस मिनिटं सोबत आपसूक मिळते. शाळा उघडायच्या आधीच व्हॅनवाल्या काकांना विचारा, नववीचं कोण आहे ते. पहिलं वाक्य कामाचं असावं: "गणिताची वही शंभर पानी चालते का दोनशे?" "माझा मित्र होशील का" असं कुणी विचारत नाही. आणि डब्यात दोन पोळ्या जास्त द्या, सोबत सुकी भाजी. रस्सा वाटता येत नाही, सांडतो.

उत्तर २: वरच्याशी सहमत. फक्त ट्यूशन लगेच लावू नका. संध्याकाळ त्यातच गेली तर मैदानावर जाणार कधी? स्काउट, कबड्डी, गणपतीची सजावट, जिथे हाताला काम असतं तिथे अबोल पोरगं टिकतं. स्नेहसंमेलनाची वाट पाहू नका, ते थेट हिवाळ्यात.

उत्तर ३: घरी आल्या आल्या "मित्र झाले का?" नका विचारू. "बाजूला कोण बसतं?" एवढं पुरे. दिवाळीपर्यंत कुणीच नसेल, वरून पोटदुखी, शाळा बुडवणं सुरू झालं, तर वर्गशिक्षकांना एकटं भेटा. त्याच्यासमोर नको.