जाहिराती आणि गाणी करता करता सिनेमा: फिनलंडच्या आंत्ती योकिनेनच्या वाटेबद्दल विचारायचं आहे

पऱ्हाटी_फ्रेम (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातली. घरचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगपासून हात बसला. आता मी कृषी केंद्रं, बियाणं, फवारणी पंप यांच्या छोट्या जाहिराती करते आणि वऱ्हाडी अल्बमची गाणी शूट करते. खरिपाच्या आधी जाहिरातींची गर्दी असते, दिवाळी झाली की गाण्यांची. घर यावर चालतं आणि हे काम मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न कंटाळ्यातून आलेला नाही.

आंत्ती योकिनेन हे नाव इथे किती जणांना माहीत असेल ठाऊक नाही. १९६८चा जन्म, फिनलंडचा. तरुणपणी बास्केटबॉल खेळायचा, शिकायला अमेरिकेत ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात गेला. मग बरीच वर्षं जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ. शनाया ट्वेनच्या ‘का-चिंग’चा व्हिडिओ त्याचा, सेलीन डिओनसाठीही त्याने काम केलं. पहिला मोठा सिनेमा थेट इंग्रजीत, ‘द रेसिडेंट’, २०११. हिलरी स्वँक नायिका, बॅनर हॅमरचं, म्हणजे ज्यांनी ड्रॅक्युलाचे जुने भयपट काढले ते. इथवर कुणीही म्हणेल की गडी पोचला.

आणि पुढच्याच वर्षी तो स्वतःच्या भाषेत आला. २०१२ साली ‘पुहदिस्तुस’, सोफी ओक्सानेनच्या कादंबरीवरून. सोव्हिएत काळात एस्टोनियातल्या एका बाईवर काय गुजरलं आणि तिने काय केलं, त्याची गोष्ट. फिनलंडने त्या वर्षी ऑस्करला हाच सिनेमा पाठवला. मग २०१५ला दुसऱ्या महायुद्धातल्या एका सुईणीची गोष्ट, २०२०ला हेलेने श्येर्फबेक या चित्रकर्तीवर ‘हेलेने’. दारू, गाड्या, श्रीमंती, चकचकाट विकून झालेला माणूस एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन बसतो, याने मी फार हलले.

अख्ख्या फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत यवतमाळ आणि अमरावती या दोन जिल्ह्यांची मिळून ५६ लाखांवर होती. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांएवढ्या लोकांच्या भाषेत तो परतला. आपल्या मराठीत तर आठ कोटींहून जास्त माणसं आहेत.

माझा प्रश्न असा. तीस सेकंदांची सवय झालेल्या हाताला दीड तासाची गोष्ट धरता येते का? माझ्याकडे प्रत्येक चौकट सुंदर करायची आणि चटकन पुढे जायची ओढ आहे. बाई चुलीपुढे बसलीय, तर मी धूर, बांगड्या, ठिणगी टिपते. ती काय विचार करतेय तिथे माझा कॅमेरा थांबत नाही. दुसरं, पुण्याच्या एका जाहिरात कंपनीत तिसऱ्या असिस्टंटचं काम मिळतंय. जावं, की इथेच राहून स्वतःचं करावं?

---

तिसरी_घंटा (मूळ वाशिम, आता पुणे)

ताई, मी जाहिरातींत असिस्टंट डिरेक्टर आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. तिसऱ्या असिस्टंटला कॅमेऱ्याच्या जवळ फारसं उभं राहायला मिळत नाही. कलाकार व्हॅनमधून वेळेवर निघाले का, कपडे इस्त्रीला गेले का, हे बघायचं. पण कागद बघायला मिळतात, आणि ते तुम्हाला दारव्ह्यात मिळणार नाहीत. एजन्सी एकाच स्क्रिप्टसाठी दोन-तीन दिग्दर्शकांना विचारते. प्रत्येकजण ट्रीटमेंट लिहून देतो: गोष्ट कशी दिसेल, उजेड कसला, माणसं कशी, आवाज काय. जो नीट लिहितो त्याला काम. मग शूटिंग बोर्ड, म्हणजे एकेक शॉट चित्रात काढलेला, मग क्लायंटसोबत पीपीएम, म्हणजे शूटआधीची शेवटची बैठक, तिथे कपच्या रंगावरसुद्धा तासभर चर्चा. शूटच्या दिवशी फार काही ठरवायचं उरलेलं नसतं.

योकिनेनसारखी माणसं या शिस्तीतून येतात. मोठ्या सेटवर शंभर लोक तुमच्या तोंडाकडे बघत असतात आणि सूर्य उतरत असतो, तेव्हा त्यांचा आवाज चढत नाही. ‘द रेसिडेंट’सारख्या पहिल्याच सिनेमात ऑस्करविजेती नटी आणि जुन्या सिनेमांतला ड्रॅक्युला क्रिस्टोफर ली समोर असताना ही सवय किती उपयोगी पडली असेल, विचार करा.

आणि फिनलंडचं म्हणाल तर तिथल्या बॉमफंक एमसीज या बँडच्या ‘फ्रीस्टायलर’ गाण्याचा व्हिडिओ नक्की बघा. त्यात सगळा मिळून एकच विचार आहे. हेलसिंकीच्या हाकानिएमी मेट्रो स्टेशनात एक पोरगा, कानात गाणं, हातात मिनीडिस्कचा, म्हणजे तेव्हाच्या खिशातल्या गाणी वाजवणाऱ्या यंत्राचा, छोटा रिमोट. बटण दाबलं की भोवतालची माणसं थांबतात, उलटी चालतात, हळू होतात. तंत्र साधं आहे, पण कल्पना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुटत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी लोकांना तेच आठवतं. तुमच्या चुलीच्या गाण्यात असा एक विचार कोणता, ते एका ओळीत लिहून बघा. बांगड्या हव्यात की नकोत, हे त्या ओळीवरून आपोआप ठरेल.

---

कारंजा_कृषी

ताई, मी तुमच्या क्यामेऱ्याच्या दुसऱ्या बाजूचा मानूस हाय. कृषी केंद्र चालवतो, जाहिरात करून घेतो. आमाले फोटो मोठा पायजे, दुकानाचं नाव मोठं पायजे, हे आमी म्हनतो, कारन पैसा आमचा हाय अन् हंगाम दोन मयन्याचा हाय. पन खरं सांगू का, मांगच्या खरिपात एका पोराने आमची जाहिरात केली. त्यात त्याने पोतं दाखवलंच नाई शेवटपावतर. एक म्हातारा तुरीच्या धुऱ्यावर उभा राहून आभाळाकडे पायते, नातू इचारते, “आबा, पेरायचं काय?” आबा म्हनते, “थांब, अजून जमीन गरम हाय.” बस. मंग आमचं नाव. गिऱ्हाईक दुकानात येऊन त्या म्हाताऱ्याचंच इचारत होते. घाई करून पेरलं अन् दुबार पेरनी आली, हे दुखनं इथल्या परत्येक घरात हाय. त्या पोराले ते माहीत होतं, पुन्याच्या मानसाले नसतं सुचलं.

तुमी तीस सेकंदात मानूस थांबवू शकता. पैसे देनारा नाई म्हनंल अशी भीती असंल तर आधी त्याले गोष्ट तोंडी सांगा. आमी आयकतो.

---

पऱ्हाटी_फ्रेम

कारंजाचे दादा, तुमचा आबा डोळ्यांपुढे उभा राहिला. “थांब” हा शब्द म्हणायला त्या पोराने जाहिरातीतली किती सेकंदं दिली असतील! आणि बियाणं विकणाऱ्याने “थांब” म्हणणं पसंत केलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

तिसरी_घंटा दादा, ‘फ्रीस्टायलर’ पुन्हा पाहिलं, तुम्ही म्हणता ते पटलं. पण एका गोष्टीवर मी अडून आहे. शिस्त जाहिरातीतून आली असेल, तरी परत जायचं बळ तिथून आलं असं मला वाटत नाही. ‘पुहदिस्तुस’ला आधी ओक्सानेनची कादंबरी होती, त्याआधी तिचंच नाटक होतं. ‘हेलेने’च्या मागे एका चित्रकर्तीचं अख्खं आयुष्य होतं, जी म्हातारपणी, दुखण्यात, स्वतःचाच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत राहिली. म्हणजे गोष्ट त्याच्या मातीत आधीच पिकलेली होती. तो तिच्यापाशी गेला. आमच्याकडे अशा गोष्टी कोणी लिहून ठेवल्यात? शेतकऱ्याच्या मरणावर सिनेमे निघाले, पण त्याच्यामागे उरलेली बाई बँकेत सही कशी करते, सालगडी कसा ठरवते, पोळ्याला बैल कोण धुतं, हे मला दाखवायचंय. माझ्या आत्याने हे सगळं केलंय. मी तिच्यावर एक गाणंही धड करू शकले असते, पण मला गाणं नकोय.

---

वरुडचे_मास्तर

बेटा, वाचून समाधान वाटलं. मी शाळेतून निवृत्त झालो, गावात पडदा लावून सिनेमे दाखवतो. तू फिनलंडचा दाखला दिलास, मी घरचा देतो. श्याम बेनेगल १९५९ला मुंबईत लिंटास या जाहिरात कंपनीत जाहिरातींचे मजकूर लिहायला लागले. मग शेकडो जाहिरातपट केले. ‘अंकुर’ आला १९७४ला. हिशेब कर, पंधरा वर्षं. आणि १९७६च्या ‘मंथन’ला पैसा दिला तो गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. आमच्या पडद्यावर ‘मंथन’ दाखवला तेव्हा संत्र्याच्या बागाईतदारांनी पहिला प्रश्न हाच केला होता, की दोन रुपये कुणी गोळा केले? मराठीत रवी जाधवही जाहिरातीतूनच आले, ‘नटरंग’ २०१०चा. तेव्हा हात बिघडतो, ही भीती मनातून काढ.

चौकटीचं मात्र मला सांगायचंय. तुझा कॅमेरा बाईवर थांबत नाही म्हणतेस. उन्हाळ्यात आत्याकडे जा, कॅमेरा तिपाईवर लाव आणि ती निवडण करत असेल तर सूप रिकामं होईस्तोवर बंद करू नकोस. तो तुकडा कापायचा नाही. मग तोच मला पाठव, मी वरुडात दाखवतो. लोक कुठे उठून जातात ते तुला कळवीन. आमच्या गावचे लोक तोंडावर सांगतात.

---

तिसरी_घंटा

मास्तरांच्या सल्ल्यात थोडी तांत्रिक भर. ताई, तुम्ही गाण्यांत दुप्पट वेगाने गाणं वाजवून सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करता ना, ओठ जुळून चाल संथ दिसावी म्हणून? त्यामुळे डोळ्याला सगळंच तरंगतं हवं असतं. आत्याचं शूट २५ फ्रेमवरच करा, स्लो मोशन अजिबात नको. मेच्या उन्हात सकाळी नऊनंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तेव्हा ओसरीतच बसवा, अंगणातून येणारा उजेड पुरतो. फिनलंडवाल्यांना डिसेंबरात सहा तासही धड दिवस मिळत नाही. आपल्याला उजेड उदंड आहे, फक्त दुपारचा टाळायचा. आणि आवाज वेगळा घ्या. सुपाचा आवाज, कोंबडी, लांबचा ट्रॅक्टर. गाण्यांच्या कामात आपण लोकेशनचा आवाज फेकून देतो, ती सवय सगळ्यात आधी सोडावी लागते.

पुण्याचं म्हणाल तर एक हंगाम या. दिवाळीनंतर तुमची गाणी सुरू होतात, त्याच्या आत परत जा. ट्रीटमेंट लिहायला शिकलात की आत्याच्या सिनेमाचीच लिहा.

---

पऱ्हाटी_फ्रेम

मास्तर, तुकडा पाठवते. आत्याला विचारलं, ती म्हणाली, “मंग निवडण कशाले, गव्हाची रास हाय, तेच घे.” पोळ्यापर्यंत ती घरीच आहे.

पुण्याला कळवलं की जूनमध्ये पेरणी आटोपली की येते, कारण आधी कबूल केलेल्या जाहिराती पूर्ण करायच्या आहेत. कारंजाचे दादा, त्यातल्या एका दुकानदाराला मी आज गोष्ट तोंडी सांगितली. त्याने पोतं शेवटच्या चार सेकंदांत ठेवायला होकार दिला. दुकानाचं नाव मात्र मोठंच हवंय, ते मी देणार आहे.

कुणाकडे बाहेरच्या आवाजाचा चांगला रेकॉर्डर भाड्याने मिळत असेल, यवतमाळ किंवा कारंज्याच्या बाजूला, तर इथेच सांगा.